नऊ नंबरचे बूट

शारजात सज्जा नावाच्या भागात आमचा कॅम्प.
मराठीत सज्जा म्हणजे वारा खायची जागा,
इथे एका खोलीत आठ पलंग
आणि दाराशी चपलांचा ढीग.
त्या ढिगात कधीच नसलेला एक जोड
किझ्झाच्या पलंगाखाली, खोक्यात:
काळे, नाडीचे, नऊ नंबरचे.
अकरा जणांनी वर्गणी काढून घेतलेले.
मुलाखत ज्याची, त्या दिवशी बूट त्याचे.

किझ्झा म्हणजे जुळ्यांच्या पाठीवरचा.
युगांडात त्याच्या लोकांत नावच सांगतं
तू कुणाच्या मागून आलास ते.
आमच्याकडे हे काम आडनाव करतं.

मी ऑफिसात, एसीत. रजिस्टर माझ्याकडे.
काम एकच, बारा तास दारावर उभं राहणं,
पगाराचे रकाने तीन.
कुणाला कुठला, ते पासपोर्ट ठरवतो.
नवा होतो तेव्हा विचारलं होतं साहेबांना, असं का.
पद्धत आहे, म्हणाले.
शब्द ओळखीचा निघाला.
आमच्या आजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे,
तेव्हाही कुणी रागावलेलं नसायचं.

मार्चमध्ये टॉवरवाल्यांचा फोन:
लॉबीतला तो उंच माणूस, चांगलाय, तक्रार काही नाही,
पण अगदी समोर जरा... तुम्ही समजून घ्या.
मी समजून घेतलं.
लॉबी खोडली, बेसमेंट दोन टाकलं.
चहा निवायच्या आत झालं.

तिथे किझ्झा ट्यूबलाइटखाली वाचत राहिला
फायर अलार्मचं पुस्तक, झेरॉक्स केलेलं,
पान त्रेचाळीस गायब.
ते त्याने भिंतीवरचं खरं पॅनेल बघून
पेन्सिलीने स्वतः काढलं, तारेसकट तार.
मला दाखवलं. मी म्हटलं, छान.
बेसमेंट का, हे त्याने विचारलं नाही
आणि मी तर रोजच गप्प.

परीक्षेची फी पुन्हा अकरा जणांची.
पहिल्या मुलाखतीत सांगितलं, जागा भरली.
खुर्ची समोर रिकामी होती, तो म्हणाला,
मी तिच्याकडेच बघत होतो.
दुसऱ्या ठिकाणी फोटो बघून फाइल मिटली.
तिसऱ्या वेळी, अजमानला, एका म्हाताऱ्या इंजिनिअरने
त्याच्यापुढे बिघडलेलं पॅनेल ठेवलं
आणि बाकी काहीच विचारलं नाही.

जायच्या आदल्या रात्री तो बुटांना पॉलिश करत बसला
आणि समोर येबोआ, घानाचा, वय वीस, ऐकत:
असा उभा राहा. हात खिशात नको.
सावकाश बोल, पण तोंडातल्या तोंडात नको.
उंच आहेस, त्याची माफी मागू नकोस.
हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

येबोआ उंच खरा, पण पाय सातचा.
पुढे कोंबायला मी कागद दिला,
घरून आलेल्या चटणीच्या डब्याभोवतीचा,
लातूरचा पेपर, अजून लसणाचा वास.
फाडता फाडता त्याने विचारलं,
काय लिहिलंय हे, एवढ्या बारीक बारीक चौकटी?
मी बघितलं.
वधू पाहिजे. गोरी, सडपातळ.
गोरी, शिकलेली. निमगोरी चालेल.
मुलगा शारजात, ऑफिसात,
आणि खाली फोन नंबर माझ्या वडिलांचा.
आईने लहानपणी डाळीचं पीठ लावून
घासघासून सोललेली माझी मान
एकदम तापली.

हवामान, मी म्हटलं. उद्या कसं असेल ते.

चांगलं असेल मग, तो म्हणाला,
आणि ती चौकट बोटांखाली दाबून
पलंगापासून दारापर्यंत
चालून बघू लागला.